लोड वाढला की पॉवर लाइनवरचा सिग्नल गायब, काय करावं?

वीजवाट:
मेन्सच्या वायरीवरूनच डेटा पाठवायचं सर्किट केलंय, 75 किलोहर्ट्झ, साधं एफएसके (0 आणि 1 साठी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी), कपलिंग कपॅसिटर आणि छोटा ट्रान्सफॉर्मर. सगळं बंद असताना एक पॅकेट चुकत नाही, पण चार्जर, एलईडी वगैरे चालू झाले की निम्मी पॅकेट्स गायब. ट्रान्समिटरची पॉवर दुप्पट करून बघितली, तर ड्रायव्हर नुसता तापतो. अजून मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावू का?

लघुलहर:
नको नको, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लागू नका. ड्रायव्हर तापतोय म्हणजे सिग्नल कुणीतरी पिऊन टाकतंय. स्विचिंग सप्लायच्या इनपुटला फेज-न्यूट्रलमध्ये एक्स कपॅसिटर (नॉइज दाबायला मेन्सवर थेट लावतात तो) असतो. सगळे मिळून 1 मायक्रोफॅरॅड धरा, 50 हर्ट्झला तो 3000 ओहमच्या वर म्हणून मेन्सला पत्ताही लागत नाही, पण तुमच्या 75 किलोहर्ट्झला जेमतेम 2 ओहम, म्हणजे जवळजवळ शॉर्टच की! जे उपकरण जास्त खातं त्याच्या सिरीजमध्ये 100 मायक्रोहेन्रीचा चोक (कॉइल) टाका, तुमच्या सिग्नलला 47 ओहम दिसतील आणि 50 हर्ट्झला काहीच नाही. फक्त चोक त्या लोडच्या पूर्ण करंटला सॅच्युरेट न होणारा (म्हणजे कोअर भरून इंडक्टन्स न गमावणारा) घ्या, इथेच बरेच जण फसतात.

शून्यबिंदू:
हे पटलं, पण नॉइजही बघाच. रेक्टिफायर मेन्सच्या पीकपाशी करंट ओढतात, त्यामुळे दर 10 मिलिसेकंदाला नॉइज आणि इम्पिडन्स (लाइनचा सिग्नलला होणारा अडथळा) दोन्ही हलतात. झीरो क्रॉसिंगच्या (व्होल्टेज शून्यातून जातं त्या क्षणाच्या) आसपास त्या मानाने शांत असतं. 1975 च्या एक्स-10 मध्ये (घरातले दिवे-उपकरणं वायरीवरून कंट्रोल करायची सिस्टिम) 120 किलोहर्ट्झचे 1 मिलिसेकंदाचे बर्स्ट तिथेच पाठवायचे, स्पीड अगदी कमी पण चालायचं. आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळी भिस्त ठेवू नका, जी3-पीएलसी आणि प्राइम ही पॉवर लाइनची स्टँडर्ड्स उगाच ओएफडीएम (एकाच वेळी अनेक कॅरियरवर डेटा) वापरत नाहीत, काही कॅरियर बुडाले तरी बाकीच्यांवर आणि एरर करेक्शनवर निरोप पोचतो.

लघुलहर:
आणि हो, स्कोपची ग्राउंड क्लिप थेट मेन्सला लावू नका प्लीज, कपलिंग ट्रान्सफॉर्मरच्या आयसोलेटेड बाजूलाच मोजा. कपलिंग कपॅसिटर पण एक्स2 क्लासचाच (मेन्सवर लावायला सुरक्षित असा).

वीजवाट:
एकेक प्लग काढत गेलो, रिसीव्हरच्या शेजारचाच एक सप्लाय निघाला! तो काढला की पॅकेट्स परत येतात, ट्रान्समिटरकडचा दुसरा काढला की ड्रायव्हर गार. दोघांना चोक लावले. अजून थोड्या चुका आहेत, पण त्या सलग झुंडीने येतात, म्हणजे शून्यबिंदू म्हणतात तेच असणार. ऑप्टोकप्लरने (प्रकाशातून सिग्नल देऊन मेन्सपासून वेगळं ठेवणारा पार्ट) झीरो क्रॉसिंग पकडायचं सर्किट आता करायला घेतो.