मदत हवी आहे: राज्यसभेला 33 मतंवाला पडतो अन् 27 वाला निवडून येतो, हे गणित कसं?

शिरपूरकर: राम राम मंडळी. शिरपूरला अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतोय. लोकसभा डोक्यात बसली आहे: 543 जागा, महाराष्ट्राच्या 48, ज्याला जास्त मतं तो खासदार. आम्ही जिल्ह्याने धुळ्याचे, पण आमचा अन् साक्रीचा लोकसभा मतदारसंघ नंदुरबार. उलट मालेगाव, बागलाण नाशिक जिल्ह्यातले असून धुळ्याला मत देतात. विचित्र आहे, पण कळतं.

गाडी अडते ती राज्यसभेला. जून 2022 ला महाराष्ट्रात 6 जागांसाठी 7 उमेदवार होते. पहिल्या पसंतीची मतं: गोयल 48, बोंडे 48, प्रतापगढी 44, पटेल 43, राऊत 41, संजय पवार 33 आणि धनंजय महाडिक 27. पडले कोण? पवार! पुस्तकात ‘एकल संक्रमणीय मतपद्धती’ एवढं लिहून पुढचं प्रकरण सुरू. क्लासचे सर म्हणाले सूत्र पाठ कर. पाठ आहे हो, पण पटत नाही.

शिवाय शिरपूरचा राज्यसभेचा खासदार नेमका कोण? आमचे आप्पा म्हणतात असा कोणी नसतोच.

भरीतपार्टी: आमदार हॉटेलांत नेऊन ठेवले होते, ते उगाच का भो?

शिरपूरकर: भो, राजकारण टीव्हीवर पाहिलं. गणित सांगा.

तापीकाठ: चोपड्याहून लिहितोय, अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. आधी आप्पांना नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे. राज्यसभेला मतदारसंघच नसतो. महाराष्ट्राचे 19 सदस्य अख्ख्या राज्याचे, आणि त्यांना आपण नाही, विधानसभेचे निवडून आलेले आमदार निवडतात. मुदत 6 वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात, म्हणून एका वेळी सहा-सात जागा निघतात. ही सभा लोकसभेसारखी विसर्जित होत नाही.

आता गणित. आमदार एकाच नावावर शिक्का मारत नाही; नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. प्रत्येक मतपत्रिकेची किंमत 100 धरतात. त्या वेळी वैध मतं 284, म्हणजे 28400. जागा 6, त्यात एक मिळवून 7 ने भागा: 4057. त्यात पुन्हा 1 मिळवा: 4058. हा कोटा, म्हणजे निवडून यायला गाठायचा आकडा. सातच का, तर सहा जणांनी 4058 घेतले की उरतात 4052, म्हणजे सातव्याला कोटा गाठताच येत नाही. कागदावर करून बघ, मग सूत्र पाठ करावं लागणार नाही.

गोयल आणि बोंडे यांचे 4800 प्रत्येकी. दोघांकडे 742 जास्तीचे. ते वाया जात नाहीत. त्या मतपत्रिकांवर पुढची पसंती ज्याची, त्याच्याकडे कमी किमतीने वळतात. वळले महाडिकांकडे, कारण तिघेही भाजपचे. 2700 मध्ये दोन वेळा 742 मिळवले की 4184. अपूर्णांक सोडून देतात म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी भरतात, पण कोटा पार.

आता पवारांची बाजू, म्हणजे महाविकास आघाडीची. प्रतापगढींचे जास्तीचे 342, पटेलांचे 242, राऊतांचे 42. एकूण 626. सगळेच्या सगळे पवारांना मिळाले असं धरलं तरी 3926. कोटा 4058. संपलं. 33 आणि 27 ची तुलना इथे लागूच होत नाही, कारण मोजणी पहिल्या पसंतीवर थांबत नाही. लोकसभेला थांबते. 2024 ला धुळ्याचा निकाल 3831 मतांनी लागला, तिथे दुसऱ्या पसंतीचा प्रश्नच नव्हता.

भरीतपार्टी: सर, म्हणजे कोणी कोणाला दुसरी पसंती दिली ते गुप्त असतं?

तापीकाठ: नाही. 2003 पासून मत खुलं आहे, आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. भलत्याच माणसाला दाखवली तर मत बाद. त्या निवडणुकीत 285 जणांनी मत टाकलं आणि एक बाद झालं, म्हणून 284.

कानबाईचा_भक्त: आप्पांना एक दुरुस्ती सांगा. शिरपूरचा नसला तरी खान्देशचा माणूस राज्यसभेत असतो की. प्रतिभाताई पाटील 1985 ला राज्यसभेत गेल्या आणि पुढे उपसभापतीही झाल्या. अलीकडे 2025 ला जळगावचे उज्ज्वल निकम गेले.

शिरपूरकर: निकमांनाही आमदारांनीच निवडलं का?

तापीकाठ: नाही. 12 सदस्य राष्ट्रपती नेमतात, त्यातले ते. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा या क्षेत्रांतले म्हणून. सध्या सभागृह 245 चं: 233 निवडलेले आणि हे 12. नेमलेल्यांना राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत मत नसतं, उपराष्ट्रपतीपदाला असतं. परीक्षेत हे नक्की फिरवून विचारतात, लिहून ठेव.

शिरपूरकर: कोटा वहीत मांडला सर, 4052 उरतात तेच निघालं. 2026 ला 7 जागा अन् समजा सगळे 288 आमदार मत देतील, तर 3601 बरोबर?

तापीकाठ: बरोबर. म्हणजे पहिल्याच फेरीत यायला 37 आमदार लागतील.