जुन्या ब्रिटिश मालिका ‘बरणीसकट फेका’ म्हणणाऱ्यांना

दारणाकाठ

काल ‘नवीपालवी’ यांचा लेख वाचला. सार असं, की सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश विनोदी मालिका म्हणजे वर्णद्वेषाचं मुरलेलं लोणचं, आज कुणाच्या पोटाला झेपणार नाही, तेव्हा बरणीसकट फेका. पुरावा काय, तर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ची दीड मिनिटाची क्लिप. तिथेच चार ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या, म्हणून वेगळा धागा.

मी देवळाली कॅम्पचा. गोऱ्या शिपायांच्या नाटकमंडळीवरची ती मालिका जिथे सुरू होते ती १९४५ची छावणी म्हणजे आमचं गाव. लेखकद्वयातला जिमी पेरी स्वतः तोफखान्याच्या नाटकमंडळीत देवळालीला होता. बायकांचे झगे घालून नाचणारे गोरे शिपाई त्याने कल्पनेतून आणले नाहीत. आता क्लिपमध्ये काय दिसतं? मायकेल बेट्स हा गोरा नट तोंडाला तपकिरी रंग लावून रंगी राम नावाचा बेरर, म्हणजे साहेबांचा नोकर, झालाय. संपलं, फेका बरणी! अहो, अख्खा भाग बघा. त्या छावणीत अक्कल असलेला माणूस तो एकटाच. स्वतःला इंग्रज समजतो, ‘आपण ब्रिटिश’ असं बोलतो आणि पंखेवाल्यावर खेकसतो. इंग्रज जायला दोन वर्षं उरलीत आणि हा साहेबापेक्षा साहेब! असले नमुने मी लॅम रोडला काठी टेकत फिरताना पाहिलेत. बेट्सचा जन्मही झाशीचा, हिंदुस्थानी बोलायचा तो.

‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलातल्या मालिकेचंही तेच. १९७५ आणि १९७९, मिळून बारा भाग. त्यातला जर्मन पाहुण्यांचा भाग २०२०मध्ये एका वाहिनीच्या संकेतस्थळावरून काढला, का, तर म्हातारा मेजर वंशवाचक शिव्या देतो. आरडाओरडा झाल्यावर सूचना लावून परत ठेवला. तो मेजर मूर्ख आहे, हॉटेलवाला बॅसिल त्याहून मूर्ख आहे, हे ज्याला सूचना वाचून कळतं त्याने विनोद बघूच नये.

नवीपालवी

माझ्यासाठी स्वतंत्र धागा, धन्यवाद. सत्कार झाल्यासारखं वाटलं.

दीड मिनिट नाही, तीन भाग पाहिले. तुम्ही म्हणता रंगी राम सगळ्यात हुशार. मान्य. मग त्या सगळ्यात हुशार भारतीयाचं काम गोऱ्याला, आणि चहावाला नि पंखेवाला तेवढे खरे दक्षिण आशियाई? हा योगायोग बरा साधला. आणि तो सार्जंट मेजर दर दोन वाक्यांनी नाटकातल्या पोरांना बायल्या म्हणून ओरडतो, त्याचं काय? तिथेही ‘हसू त्याच्यावर आहे’ म्हणणार का?

दारणाकाठ

हो, म्हणणार. हसू त्याच्यावरच आहे. आणि १९७४च्या लंडनमध्ये तसा भारतीय नट कुठून आणणार होते?

नवीपालवी

बेट्स १९७७नंतर मालिकेत नव्हता, १९७८मध्ये वारला. त्याच्या जागी कुणालाही न रंगवता मालिका १९८१पर्यंत चालली. म्हणजे चालत होतं तर!

शब्दकिडा

अवांतर: देवळालीचा विषय निघालाच आहे तर. इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणतात ते आपल्या देवळालीवरूनच. मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या शिपायांची तिथे संक्रमण छावणी होती. बोटी हिवाळ्यातच सुटायच्या, ती वेळ हुकली की महिनोन्महिने बसून राहा. काम नाही, ऊन, दारू, मलेरिया. मग माणूस भ्रमिष्ट झाला की म्हणायचे ‘डूलाली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे फारसीतला ‘तप’, अर्थात ज्वर.

भगूरचा_पोरगा

फारसी कशाला? ‘ताप’ आपला घरचा शब्द असताना? देवळालीत गोऱ्यांकडे काम करणारे धोबी, भिश्ती काय फारसी बोलत होते? आमची आजी रोज म्हणायची, ‘डोक्याला ताप देऊ नका’.

शब्दकिडा

लष्करी बोली हिंदुस्थानी होती, मराठी नव्हे. आजीचा आदर आहे, पण आजी म्हणजे व्युत्पत्तिकोश नव्हे.

भगूरचा_पोरगा

आजीपर्यंत जायचं काम नाही. पुण्यात पंख्याखाली बसून देवळालीत कोण काय बोलत होतं ते सांगू नका. आणि ‘देवळाली’ म्हणताना कुठली ते सांगा. नाशिकरोडला लागून देवळाली गाव, ते वेगळं. कॅम्प वेगळा. लोक दोन्ही एक करतात आणि मग गाव वेड्यांचं म्हणून बदनाम!

मिडलंड्सची_मावशी

ताप-तप नंतर चालू ठेवा. मुळात दारणाकाठ यांना दोन शब्द.

‘हसू कोणावर आहे ते कळायला अख्खा भाग बघा’ हे तुम्ही कॅम्पात बसून म्हणू शकता. मी १९७८मध्ये नऊ वर्षांची होते, इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका गावात. वर्गात तपकिरी मी एकटी. तेव्हा ‘माइंड युअर लँग्वेज’ लागायची, परदेशी लोकांचा इंग्रजीचा वर्ग. त्यातला रणजित सिंग चुकला की हात जोडून ‘थाउजंड अपॉलॉजीज’ म्हणायचा. सोमवारी शाळेत जेवणाच्या रांगेत मी ताट उचललं की पुढचा मुलगा वळून, मान हलवत, हात जोडून तेच म्हणायचा. रोज. वाढणारी बाई पण हसायची. बटाटे माझ्या ताटात पडेपर्यंत सगळी रांग मान हलवत असायची. त्या पोरांना पटकथेतला सूक्ष्म उपरोध समजावून सांगायला तुम्ही हवे होतात.

आणि खरं सांगू? घरी सगळ्यात जोरात बाबा हसायचे. पुण्यात ड्राफ्ट्समन होते, इथे कारखान्यात रात्रपाळी. सुट्टीच्या रात्री कोचावर मांडीवर थाप मारत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे, आम्हाला हाका मारायचे, ‘या गं, आपली माणसं लागलीत.’ टीव्हीवर आपल्या रंगाचं दुसरं कुणी दिसायचंच नाही ना. कामावर त्यांनाही कुणीतरी ‘थाउजंड अपॉलॉजीज’ म्हणायचं, हे आईने मला ते गेल्यावर सांगितलं. मीही हसायचे. बाबा हसायचे म्हणून.

तिरकस

मावशी, वाईट वाटलं. पण शाळेतली पोरं मालिका नसती तरी चिडवायचीच. आणि आजचा चष्मा लावून तेव्हाचं बघणं अन्यायाचं आहे.

मिडलंड्सची_मावशी

आजचा चष्मा? ती मालिका १९७९मध्ये बंद केली ती वाहिनीच्या मायकेल ग्रेडने, हे साचे त्याला अपमानकारक वाटले म्हणून. प्रेक्षक होते, तरीही. तेव्हाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला तेव्हाच्याच चष्म्यातून दिसलं. तुम्हाला कुठला नंबर लागतो?

कॅसेटवाला

ह्या निमित्ताने कुणी हे बोलत नाही म्हणून बोलतो. आपण तीच मालिका उचलून १९९३मध्ये दूरदर्शनवर ‘जबान सँभाल के’ केली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर. वर्गात मद्रासी, सरदारजी, गुजराती आणि आपला विठ्ठल बापूराव पोटे, म्हणजे विजू खोटे. मुख्याध्यापिका दीक्षित बाई म्हणजे शुभा खोटे, त्यांची सख्खी बहीण. पोटे तोंड उघडायच्या आधीच आमच्या चाळीत हशा. तेव्हा आपल्यावर वर्णद्वेष झाला असं कुणाला वाटलं?

नवीपालवी

पोटेला मराठी नटानेच केलं. मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्य आहे, जेवणाच्या रांगेत एकटा नाही. शिवाय तुमच्या त्याच चाळीतल्या मद्रासी शेजाऱ्याला विचारलंत का त्याला काय वाटलं? मराठी नाटकात भय्या, मद्रासी, गुजराती शेठ रंगमंचावर आला की लेखकाने संवाद लिहायची गरज नसते, नुसतं ‘अय्यो’ पुरतं. तेही त्याच बरणीतलं.

कॅसेटवाला

आता मराठी नाटकही फेका. रंगभूमीवर पण या तुम्ही. मग उरलं काय, रोज संध्याकाळी सासू-सुनेचं विष कालवणं? ‘फॉल्टी टॉवर्स’ बारा भागांत संपली. आमच्याकडे एक गैरसमज मिटवायला बारा आठवडे लागतात. मागून तो डब्यातला हशा.

तिरकस

‘फॉल्टी’तला हशा डब्यातला नाही. स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रण व्हायचं. गाडी बंद पडते आणि बॅसिल झाडाची फांदी तोडून आणून गाडीला बडवतो, तो प्रसंग मात्र बाहेरचा. आधी गाडीला तीनपर्यंत मोजून शेवटची संधी देतो, मग दम देतो, मग पळत जाऊन फांदी आणतो. माझा सोळा वर्षांचा भाचा, ज्याला पंधरा सेकंदांपलीकडे काही बघवत नाही, तो ते पाहून खुर्चीवरून घसरला.

नवीपालवी

हो, तो मीही दोनदा पाहिला. हसले. नोंद घ्यावी. पण वेटर मॅन्युएलला पळीने, ताटाने बडवणं मला तरी पुढे ढकलावं लागलं.

तिरकस

मॅन्युएल झालेला अँड्र्यू सॅक्स बर्लिनचा. वडील ज्यू, १९३८मध्ये जीव घेऊन इंग्लंडला आलेलं कुटुंब. आणि मॅन्युएल स्पॅनिश, तर स्पेनमध्ये भाषांतर करताना त्याला इटालियन करून टाकलं. स्वतःवर हसायची वेळ आली की सगळेच शेजाऱ्याकडे बोट दाखवतात.

निवृत्त_कारकून

सगळे जातधर्मात अडकलात. मंत्री आणि सचिवांवरची ‘येस मिनिस्टर’ १९८०ची, तिला कोण हात लावतं बघू. त्यात पाचशेच्या आसपास कर्मचारी असलेलं रुग्णालय आहे, रुग्ण एकही नाही, आणि सचिव म्हणतो ते उत्तम चाललंय. मी एका तालुक्याच्या ठिकाणी होतो, तिथे लिफ्टमन भरला होता. इमारत तळमजला अधिक एक, लिफ्टच नव्हती. माणूस रोज नऊला येऊन जिन्यापाशी स्टुलावर बसायचा, लोकांना सांगायचा, ‘वर जायचंय? इकडून.’ आम्हाला ती मालिका विनोदी वाटलीच नाही, प्रशिक्षणाची वाटली. तिची हिंदी ‘जी मंत्रीजी’ही आली होती, फारूख शेख मंत्री. बरी होती, पण मूळ ते मूळ.

शब्दकिडा

वरच्या गोंधळात माझा मुद्दा राहिला. फारसी ‘तप’ आणि संस्कृत ‘ताप’ चुलतभाऊच आहेत, एकाच मुळाचे. तेव्हा भगूरच्या आजी अर्ध्या बरोबर.

भगूरचा_पोरगा

आजीला अर्धे मार्क दिल्याबद्दल हजार माफी. आपलं तें… थाउजंड अपॉलॉजीज.

मिडलंड्सची_मावशी

हा विनोद इथे नको होता.

भगूरचा_पोरगा

मावशी, चुकलं. खरंच लक्षात आलं नाही. मागे घेतो.

दारणाकाठ

दोन दिवस या धाग्यावर आलो नाही. मावशींचा प्रतिसाद वाचून बंद केला होता.

काल मुलीबरोबर एक भाग लावला. शेवटी नावं सरकताना चहावाला म्हणजे डिनो शफीक ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ म्हणतो आणि सार्जंट मेजर मागून ‘शट अप’ ओरडतो, ते मला पन्नाशीतही गमतीचं वाटायचं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो माणूस छान गातोय. गाऊ का देत नाहीत?’ मी म्हटलं तोच तर विनोद आहे. तिने मोबाइल उचलला.

ठीक आहे. बरणी मी फेकणार नाही, हे आत्ताच सांगतो. बेट्सच्या तोंडावरचा रंग तेवढी एक फोड खवट निघाली, मान्य. नवीपालवींनी यावरून लगेच पेढे वाटू नयेत.

नवीपालवी

वाटले. कॅम्पात पोचवू का?

भगूरचा_पोरगा

पोचवणार असाल तर गावात उतरू नका, बस पुढे कॅम्पला जाते. आणि शब्दकिडा, इंग्रजांना ‘ळ’ म्हणता आला नाही म्हणून आमचं गाव वेडं ठरलं, यावर तुमचं व्युत्पत्तिशास्त्र काय म्हणतं?