चियोदाचा पैसा एदोगावात येतो का?

नवा_गडी: मंडळी, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला येऊन दोन वर्षं झाली. यंदा नोकरी बदलली, त्यामुळे ज्यूमिनझेई, म्हणजे रहिवासी कर, पगारातून न कापता त्याचा लिफाफा थेट घरी आला आणि डोळे पांढरे झाले. असो. प्रश्न वेगळाच आहे. ऑफिसं सगळी ओतेमाचीला, म्हणजे चियोदा वॉर्डात. आमच्या एदोगावात नुसती राहती घरं. मग इथल्या बागा, पाळणाघरं चालतात कशावर? मी गोवंडीत वाढलोय, म्हणून विचारतो.

कासाईकाका: बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. तुझा ज्यूमिनझेई करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के. त्यातले ६ आपल्या वॉर्डाला, ४ टोकियोला. पण खरा मलिदा त्यात नाही. कंपन्यांवरचा स्थानिक कर आणि जमीन-इमारतींवरचा कर बाकी जपानात नगरपालिका घेते. टोकियोच्या या २३ वॉर्डांत मात्र तो टोकियो सरकार गोळा करतं आणि निम्म्याहून थोडा जास्त वाटा वॉर्डांच्या सामायिक डब्यात टाकतं. उरलेल्यातून अग्निशमन, सांडपाणी वगैरे टोकियो स्वतः बघतं.

डब्यातून वाटताना प्रत्येक वॉर्डाची गरज मांडतात: माणसं किती, पोरं किती, म्हातारे किती. त्यातून त्या वॉर्डाची स्वतःची कमाई वजा. जी तूट निघेल ती मिळते. श्रीमंत मिनातो वॉर्डाला बहुतेक दरवर्षी भोपळा. आणि एक गंमत: कमाई पूर्ण धरत नाहीत, ८५ टक्केच धरतात. नाहीतर वसुलीसाठी घाम कोण गाळेल?

रोप्पोंगीवाला: म्हणजे आम्ही मिनातोकर भरणार आणि तुम्ही बागा फुलवणार! वर फुरुसातो नोझेईपायी (दुसऱ्या गावाला देणगी दिली की इथला कर कमी, ती योजना) आमचा कर गावोगावी जातो तो वेगळाच.

कासाईकाका: फुरुसातोचं रडगाणं मान्य, ते आमचंही आहे. पण भाऊ, २००० सालापर्यंत श्रीमंत वॉर्डांना शिल्लक परत भरावी लागायची, आता तेही नाही. आणि तुमच्या इमारतींत दिवसा राबतं कोण? सकाळी आठची तोझाई लाइन एकदा बघा. ती माणसं झोपायला इकडे येतात, त्यांची पोरं इकडे शिकतात. आमचा वॉर्ड बराचसा भरतीच्या पातळीखाली. २०१९ च्या पूर-नकाशावर वॉर्डानेच छापलं होतं, 'इथे थांबू नका'. माझ्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे. पुराची तयारी काय ज्यूमिनझेईच्या चिल्लरीत होते?

भांडणं होतातच. २०२० मध्ये एदोगावाने स्वतःचं बालसंरक्षण केंद्र सुरू केलं, तेव्हा या वाढीव कामापोटी डब्यातला वॉर्डांचा वाटा ५५ वरून ५५.१ टक्के झाला. त्या पॉइंट एकसाठी केवढी घासाघीस!

नवा_गडी: काका, मुंबईत तर तिजोरीच एक, मग गोवंडी मागे का?

कासाईकाका: तिजोरी एक आहे रे, पण वॉर्डाला ना स्वतःचा कर, ना स्वतःचा निवडून आलेला प्रमुख. आमच्या कुचोला, म्हणजे वॉर्डप्रमुखाला, मतं मागायला दारात यावं लागतं. तुझ्या वॉर्ड ऑफिसरला?

आणि तो लिफाफा चार हप्त्यांत भरता येतो. पहिला जूनअखेर. कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातही घेतात.