ई. कोलायला तापमान वाढल्याचे कसे कळते?

प्रश्न (म्हापसा): ई. कोलाय ३० अंशांवरून ४२ अंश सेल्सिअसवर नेल्यास हीट शॉक जनुके (उष्णतेच्या ताणात पेशीचे रक्षण करणारी जनुके) काही मिनिटांतच कार्यरत होतात. जीवाणूला हा बदल नेमका कशातून कळतो?

उत्तर (फोंडा): सूत्रे सिग्मा-३२ या, ही जनुके सुरू करणाऱ्या प्रथिनाकडे असतात. त्याच्या संदेशवाहक आरएनएची घडी उष्णतेने उलगडते आणि प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला वाट मिळते.

उत्तर (मडगाव): मला यापुढचा भाग अधिक सुंदर वाटतो. एरवी डीएनए-के (DnaK) व डीएनए-जे (DnaJ) ही इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारी सहायक प्रथिने सिग्मा-३२ला धरून ठेवतात आणि एफटीएसएच हे प्रोटीएज (प्रथिने तोडणारे विकर) त्याचे विघटन करते, त्यामुळे त्याचे अर्धायुष्य जेमतेम मिनिटभराचे असते. मात्र उष्णतेने इतर प्रथिनांच्या घड्या बिघडल्या की सहायक तिकडे गुंततात, सिग्मा-३२ मोकळे होते आणि त्याच सहायकांचे उत्पादन वाढवते.

प्रश्नकर्ती: म्हणजे सहायक पुरेसे झाले की प्रतिसाद आपोआप ओसरतो?

उत्तर (मडगाव): होय. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जीवाणूमध्ये मात्र एचआरसीए हे दमनकारी प्रथिन काही हीट शॉक जनुके बंद ठेवते, आणि ते कार्यक्षम राहण्यासाठी ग्रोईएल या सहायक प्रथिनाची मदत लागते.