सोसायटी ग्रुप : गाडी परत तापली

ए-१०१ (सचिव): बी विंगच्या पार्किंगमध्ये परत डाग पडलाय. ज्यांची गाडी गळतेय त्यांनी कृपया लक्ष घालावं. फोटो टाकलाय.

बी-३०४: सर, माझीच गाडी. जुनी झाली आता. हीट होते, गॅरेजला नेली की बरी होते, महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, रेडिएटर साफ करून घेतला, पंख्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) तर कितीदा बदलला. दर वेळी "आता टेन्शन नाही" म्हणून गाडी हातात देतात.

डी-५०१: विकून टाका. रोजची कटकट कशाला?

सी-२०२: अहो थांबा. फोटोत डाग हिरवट दिसतोय. हाताला कसा लागतो?

बी-३०४: हिरवटच आहे काका. जरा चिकट.

सी-२०२: म्हणजे कुलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. इंजिन ऑइल काळपट असतं. चाकाजवळ पिवळसर, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल, मग गाडी जागची हलवायची नाही. आणि डाग आधी भरपूर पाण्याने धुवा. कुलंट गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी आहे.

बी-३०४: धुतो लगेच.

सी-२०२: आता सांगा, तापते कधी? पळताना की उभी असताना?

बी-३०४: ट्रॅफिकमध्ये अडकलो की. मोकळ्या रस्त्याला टेंपरेचरचा काटा हलत नाही.

सी-२०२: सिग्नलला थांबलं की एसी गार देणं सोडतो का?

बी-३०४: हो! त्यासाठी एसीचा गॅस भरून घेतला. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तसंच.

सी-२०२: दोन दुखणी नाहीत ही, एकच आहे. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो. गाडी पळते तेव्हा समोरून येणारी हवा दोघांना गार करते. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर मोकळ्या रस्त्यालाही काटा चढला असता. रेडिएटर चोंदला असता तर वेगात आणि चढावर आधी कळलं असतं. तुमचा पंखा तपासा.

ए-७०२: पण काका, रिले नवा आहे ना त्यांचा?

सी-२०२: रिले पुन्हा पुन्हा का जातोय, हे कुणी विचारलं का? पंख्याच्या मोटरचे ब्रश (आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले किंवा बेअरिंग जड झालं की मोटर जास्त करंट ओढते. त्याने रिलेचे पॉइंट जळतात. नवा रिले टाकला की तो जळेपर्यंत सगळं ठीक. गॅरेजवाला लबाडच असेल असं नाही हं. गाडी त्याच्याकडे येते तेव्हा रिले खरोखर जळलेला असतो, तो बदलला की पंखा फिरतो, त्याचं काम तिथे संपतं.

ए-१०१ (सचिव): मध्येच सांगतो, सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारी बंद राहील. चालू द्या तुमचं.

ए-७०२: माझ्याकडे ओबीडी स्कॅनर आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो. लावून बघू या का?

बी-३०४: गॅरेजमध्ये लावला होता. कोड काहीच नाही आला.

सी-२०२: बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर रिलेला फक्त हुकूम देतो. पंखा फिरला की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. आणि कोड आला तरी तो लक्षण सांगतो, नेमका कुठला पार्ट बिघडला ते सांगत नाही. पी०४२० हा कोड आला की लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा पार्ट) बदलायला निघतात. सायलेन्सरच्या पाइपला गळती असली किंवा सेन्सर म्हातारा झाला तरी तो कोड येऊ शकतो.

ए-४०३: काका, माझंही ऐका ना. ब्रेकरवरून गेलं की पुढून कट-कट आवाज. सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलले. थोडे दिवस शांत, मग पुन्हा सुरू.

सी-२०२: ताई, बुशचे बोल्ट कसे आवळले? गाडी जॅकवर टांगलेली असताना की चाकं जमिनीवर टेकलेली असताना?

ए-४०३: ते मी कुठे बघितलं! फरक पडतो का?

सी-२०२: खूप. रबराचा बुश हवेत लटकत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना करायचं. याला पाच मिनिटं जास्त लागतात म्हणून टाळतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज येतो का तेही बघा, तसं असेल तर शॉकअपचं वरचं माउंट. पूर्ण वळण घेताना टक-टक असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा सांधा.

डी-५०१: म्हणूनच म्हणतो, एक झालं की दुसरं. कुठवर पुरे पडणार?

ए-४०३: अहो, नव्याचा हप्ता तुम्ही भरणार आहात का?

सी-२०२: चॅसिस गंजून सडली, इंजिन ऑइल पिऊ लागलं, सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, की मीही विका म्हणेन. पंखा नि बुश यांच्यासाठी गाडी विकत नाहीत. हां, बी-३०४, तुमची इतक्या वेळा तापलीय, तेव्हा एक बघाच. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ थर दिसला, किंवा इंजिन चालू असताना कुलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची) शंका घ्या.

बी-३०४: आत्ताच बघतो उघडून.

सी-२०२: रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात नाही! आत दाब असतो, म्हणून कुलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. पूर्ण गार होऊ द्या.

बी-३०४: ऑइलच्या झाकणाखाली स्वच्छ आहे, बुडबुडे नाहीत. हुश्श.

सी-२०२: छान. काम होईपर्यंत काटा चढताना दिसला तर एसी बंद, हीटर फुल्ल, आणि जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद.

बी-३०४: काका, अपडेट. गॅरेजला उभा राहून बघितलं. इंजिन गरम झालं, रिले खट् वाजला, पंखा ढिम्म. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने मोटरवर हलकेच ठोकलं, तर फिरायला लागला!

सी-२०२: ब्रश गेले. ठोकल्यावर तात्पुरते नीट टेकतात. मोटर आणि रिले दोन्ही नवे टाका. मोटरचा कनेक्टर उघडून बघितला का?

बी-३०४: एका पिनेजवळ प्लास्टिक तपकिरी झालंय, किंचित वितळल्यासारखं.

सी-२०२: मग तोही बदला. तसाच ठेवलात तर तिथे तापत राहील आणि नव्या मोटरला पुरेसा करंट मिळणार नाही.

बी-३०४: सांगतो. आणि कुलंट? दर वेळी नळाचंच पाणी ओततात वरून.

सी-२०२: सगळं काढून टाका, आत क्षार साचतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं ते, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर पाणी घालायचंच नाही. भरल्यावर हीटर चालू ठेवून सिस्टिममधली हवा काढायला सांगा, नाहीतर काटा पुन्हा चढेल आणि सगळे नव्या मोटरला दोष देत बसतील.