जॅझसाठी जुनं ड्रम किट: तीनपैकी कोणतं?

ब्रशवाला:
पियानो, डबल बेस आणि ड्रम्स, एवढंच त्रिकूट. निम्मा वेळ काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. १९६० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतो तसा आवाज हवाय: टॉम (मधले ड्रम) उंच सुराचे आणि गाणारे, बेस ड्रम 'धड्' न म्हणता 'टुंम्' म्हणणारा. बजेट नव्या, मधल्या दर्जाच्या किटएवढं, हेड्स (ड्रमवर ताणायचे पडदे) त्यातच धरून. स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) आणि सिंबल (झांजा) आहेत. समोर तीन किटं आहेत (आकडे इंचांत: बेस ड्रम, टॉम, जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम):

१) लुडविग सुपर क्लासिक, २२-१३-१६, सगळं मूळ. बजेटच्या जरा वर.
२) स्लिंगरलँड, २०-१२-१४, रॅप (शेलवरचं बाहेरचं आवरण) नवा चढवलेला, बेस ड्रमला एक जादा भोक बुजवलेलं. बजेटात जेमतेम.
३) १९६० च्या दशकातलं जपानी, बॅजवर कुठल्याशा दुकानाचं नाव, लुआन लाकूड, २०-१२-१४. निम्म्या बजेटात.

आवाजासाठी कोणतं?

जुनंखोड:
तिन्ही नकोत. ग्रेचचं गोल बॅजवालं (राउंड बॅज) जुनं किट, १८-१२-१४. सहा पदरी मेपल-गम शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं), आत मजबुतीची रिंग नाही, आतून चंदेरी रंग, हेड टेकते ती कड ३० अंशांची, वर डायकास्ट हूप (हेड दाबून धरणारी कडी). १९६० च्या दशकात माइल्स डेव्हिसबरोबर वाजवणाऱ्या टोनी विल्यम्सचा बेस ड्रम १८ इंचीच होता. तुम्ही वर्णन केलाय तो आवाज हाच.

ब्रशवाला:
बजेट वाचलंत का?

जुनंखोड:
वाचलं. वर्षभर थांबा. आणि अस्सल बघून घ्या. मूळ १८ इंची बेस ड्रम दुर्मीळ, त्यामुळे फ्लोअर टॉमचे बेस ड्रम करून विकतात. आतून बघितलं की पायांच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं दिसतात. बॅजची पितळी रिंग पुन्हा ठोकलेली असेल तर तिच्या कडा फाकलेल्या असतात.

कीस्टोन_प्रेमी:
पहिलं घ्या. २२ वर जॅझ वाजत नाही हे एक खूळ आहे. लुडविगचा तीन पदरी शेल मेपल-पॉप्लर-मेपल आणि दोन्ही टोकांना रिंगा. शेल पातळ म्हणून खालचा सूर भरपूर, रिंगांमुळे आकार टिकतो. २२ चा सूर चढवून लावला तरी गोल वाजतो. अनुक्रमांकावरून साल काढायला जाऊ नका. ते आकडे १९६३-६४ च्या सुमारास सुरू झाले आणि क्रमाने लागलेलेच नाहीत. शेलच्या आत तारखेचा शिक्का मिळाला तर तो धरा. शिवाय पुन्हा विकताना पैसे निघतात.

डाउनबीट:
बाडिस (सहमत). २२ चालतो. फक्त खोलीत बेसवाला ऐकू येणार नाही. लुडविगच हवं तर त्यांचंच डाउनबीट नावाचं किट शोधा, २०-१२-१४.

तिरकस:
२२ चा शेल कापून २० करता येतो का?

नटबोल्ट:
नाही हो. कापून खोली कमी होते, व्यास नाही. आणि मूळ किटवर करवत चालवायची कल्पना इथे लिहू नका, कीस्टोन_प्रेमींना चक्कर येईल.

ब्रशवाला, ब्रँड बाजूला ठेवा आणि शेल तपासा. दोन्ही हेड्स काढू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. बरोबर टॉर्च, मोजपट्टी आणि १२ इंची एक नवं हेड न्या. शेल जाड काचेवर उभा ठेवा, खोलीत अंधार करा, टॉर्च आत लावा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे कागद सरकवून बघा. साधा कागद अडखळला तर विशेष नाही. पोस्टकार्ड सहज गेलं तर कड तिथे खाली बसलेली (दबलेली) आहे, त्या जागी हेड कधीच सुरात येणार नाही.

व्यास तीन दिशांनी मोजा. दोन मिलिमीटरचा फरक चालतो, तीनच्या पुढे हेड अडकायला लागतं. मग नवं हेड वरून नुसतं ठेवा. स्वतःच्या वजनाने बसलं आणि बोटाने मोकळं फिरलं तर ठीक. अडलं तर बहुतेक वेळा दोष लाकडाचा नसून रॅपचा असतो, कारण तो अगदी कडेपर्यंत आलेला असतो. असं हेड जबरदस्तीने ताणलं की त्याची कॉलर (वाकवलेली कड) शेलवर घासते, मध्यभागी सूर लागतो आणि कडेला भलतंच वाजतं. उपाय दोन: रॅप कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली छाटून घ्या, नाहीतर अक्वेरियनची अमेरिकन व्हिंटेज हेड्स लावा. ती जुन्या, व्यासाने जास्त भरणाऱ्या ड्रमसाठीच किंचित मोठी येतात.

दुसऱ्या किटचा नवा रॅप नखाने टिचकत फिरा. जिथे आवाज पोकळ होतो तिथे गोंद सुटलाय आणि तिथेच नंतर तो कागदासारखा फडफडणार. बुजवलेल्या एका भोकाने आवाजाला काही होत नाही, फक्त किंमत पडते. उलट तेच धरून घासाघीस करा.

लग (शेलवरचे धातूचे तुकडे, ज्यांत हेड ताणायचे स्क्रू म्हणजे टेन्शन रॉड जातात) हलवून बघा. आत स्प्रिंग असते, तिच्यावरचा फेल्ट जुना होऊन गळतो आणि मऊ ब्रशलासुद्धा टणटण येते. लग खोलून स्प्रिंगमध्ये कापूस कोंबला की गप्प. टेन्शन रॉड हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच आवळला तर रॉड वाकलाय किंवा आटे खाल्लेत. अमेरिकन किटचे आटे १२-२४ मापाचे, ते सगळीकडे मिळतात. जपानी किटवर एक रॉड काढून १२-२४ च्या नटमध्ये घालून बघा.

राइडच_सगळं:
किटवर एवढा खल! जॅझचा सत्तर टक्के आवाज राइडचा (ताल धरायच्या मोठ्या सिंबलचा) असतो. २० इंची राइड १,७०० ते १,९०० ग्रॅम, २२ इंची २,१०० ते २,४०० ग्रॅम. याहून जड असेल तर सिंबल नुसती 'पिंग' म्हणते, पसरत नाही. किट कुठलंही घ्या.

जुनंखोड:
सत्तर टक्के कोणी मोजलं?

राइडच_सगळं:
कानांनी. वजनकाटा घेऊन जा. मधल्या भोकाला किल्लीच्या आकाराची झीज आहे का बघा, आणि कडेवर चीर असेल तर किंमत ऐकूसुद्धा नका.

डाउनबीट:
अवांतर होतंय. विचारणाऱ्याकडे सिंबल आहेत.

प्रीमियरच:
प्रीमियर कुणीच सुचवलं नाही? बर्च शेल, डायकास्ट हूप, क्रोम आजही आरसा. फक्त १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचं नको. त्या मापांना आजची हेड्स बसत नाहीत, वेगळी मागवावी लागतात.

कीस्टोन_प्रेमी:
म्हणजे 'हे घ्या, पण घेऊ नका'.

तिरकस:
रॉजर्सही आहे की. मात्र सुरुवातीचे पातळ पितळी लग तडकतात, नंतरचे बीव्हरटेल प्रकारचे लग बघा. आणि हो, हेड काढून टॉर्च लावून बघा.

नटबोल्ट:
हे वर लिहिलंय.

ब्रशवाला:
तिसऱ्यावर कुणीच बोललं नाही.

जुनंखोड:
बोलण्यासारखं नाही. प्लायवूड आहे ते.

नटबोल्ट:
मेपल-गमसुद्धा प्लायच असतं, खोडसाहेब. लुआन मऊ, शेल पातळ, आत रिंगा. आवाज कोरडा, मधले सूर पुढे, शेपूट (ठोक्यानंतर रेंगाळणारा सूर) आखूड. ब्रशला वाईट नाही. रड वेगळीच आहे: कडा ओबडधोबड, लगचं ओतकाम ठिसूळ, टॉमचा होल्डर झुकतो. टॉम सरळ स्नेअरच्या स्टँडवर ठेवा. आणि रॉड भसाभसा आवळू नका, लगचा कानच तुटतो.

कीस्टोन_प्रेमी:
कडा पुन्हा कापून घेणार? मग जुनं कशाला घ्यायचं? मूळ कड गेली की मूळ आवाज गेला.

नटबोल्ट:
मूळ कड सपाट असेल तर हात लावू नका, इथे एकमत. पण वेडीवाकडी कड म्हणजे 'मूळ आवाज' नव्हे, दोष. ४५ अंशांची टोकदार कापली तर ठोका पुढे येतो आणि शेपूट वाढतं. ३० अंशांची, बाहेरून गोल केलेली कड हेडला जास्त टेकते, सूर लवकर मिटतो. जॅझला ही दुसरी.

डाउनबीट:
घ्याल ते घ्या, पण २० इंची बेस ड्रमला पुढे भोक पाडू नका. दोन्ही बाजूंना एकपदरी कोटेड हेड. मागच्या हेडखाली पाच सेंटिमीटर रुंद फेल्टची उभी पट्टी, मध्यावर नाही, एक तृतीयांशावर. सुरकुत्या जाईपर्यंत आवळा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी मागे अर्धा फेरा, पुढे पाऊण. आत उशी कोंबलीत की 'टुंम्' गेला. बीटर (पेडलचा ठोकणारा गोळा) फेल्टचा किंवा लोकरीचा, आणि आपटून दाबून धरू नका, लगेच सोडा. टॉमला खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं, आणि १२ व १४ मध्ये सा-म चं अंतर ठेवा.

राइडच_सगळं:
बाडिस. आणि राइड हलकी घ्या.

ब्रशवाला:
तिन्ही बघून आलो. लुडविग सुंदर आहे, पण २२ समोर ठेवला की १३ चा टॉम इतका वर जातो की राइड खांद्याच्या रेषेत येते. स्लिंगरलँडच्या फ्लोअर टॉमचा रॅप जोडापासून तळहाताएवढा सुटलाय, टिचकी मारली की फडफडतो. १२ वर नवं हेड अर्ध्यातच अडकलं. विकणारा छाटू द्यायला तयार नाही आणि भोकाचे पैसेही सोडत नाही.

जपानी घेतलं. १४ च्या व्यासात दोन मिमी फरक, १२ नेमका गोल, हेड दोन्हींवर मोकळं फिरतं. रॉड १२-२४ च्या नटमध्ये नीट गेला. १४ ची खालची कड दोन जागी बसलेली आहे, पोस्टकार्ड आरपार. पण या किटला मूळपणाची किंमतच नाही, म्हणून तिन्ही ड्रमच्या कडा बिनधास्त ३० अंशांच्या, गोल कापून घेतोय. त्याचा खर्च, सहा कोटेड हेड्स आणि सुटे लग धरूनही बजेटाचा चौथा हिस्सा उरतोय.

नटबोल्ट:
कापणाऱ्याला आधी रॅप कडेपासून मागे छाटायला सांगा, नाहीतर राउटरच्या पात्याखाली त्याचे कपचे उडतील. आणि १४ चा शेल कापताना आत रिंगेचा सांधा कुठे आहे ते दाखवून ठेवा. तिथला गोंद सुटलेला असेल तर तो आधी भरून क्लॅम्प लावायचा, मग कड.

राइडच_सगळं:
उरलेल्या चौथ्या हिश्शात राइड बसते.

जुनंखोड:
वर्षभर थांबला असतात तर ग्रेच झालं असतं.