बाल्कन लग्नाचं चित्र काढतेय: डोक्याला रुमाल कोणी आणि कसा बांधायचा?

रंगरेषा: मुलांच्या पुस्तकासाठी आग्नेय युरोपातल्या, म्हणजे बाल्कनमधल्या खेडेगावातल्या लग्नाचं चित्र काढतेय. साधारण १९०० सालचा काळ. नवरी, तिची आई, धाकटी बहीण, आजी, नवरदेव आणि चार पाहुणे. सगळ्या बायकांना लाल फुलाफुलांचा रुमाल हनुवटीखाली गाठ मारून दिलाय, पुरुषांना लाल टोप्या. चालेल का? काहीतरी खटकतंय.

दर्यातीर: खटकतंय ते बरोबरच आहे. आधी गाव ठरवा, मग पेन्सिल उचला. "बाल्कन पोशाख" असा एकच पोशाख नाहीच.

मी क्रोएशियात दुब्रोवनिकला राहते, म्हणून जवळच्या कोनाव्ले या भागाचं सांगते. तिथे बाई कुमारी की लग्न झालेली, हे डोक्याकडे बघूनच कळायचं. कुमारी मुलीला छोटी, गोल लाल टोपी. लग्न झालेल्या बाईला पांढराशुभ्र रुमाल, आणि त्याला इतकी कडक खळ की तो दोन्ही बाजूंना पंखांसारखा ताठ उभा राहतो. तिथल्या चिलिपी गावात उन्हाळ्यात रविवारी प्रार्थना झाली की चर्चसमोर नाच असतो, तिथे हे अगदी जवळून बघायला मिळतं. रुमालाच्या घड्या इस्त्रीच्या असतात, त्या धारदारच काढा. मऊ लोंबता रुमाल काढलात तर कोनाव्ले गेलंच! अंगरख्याच्या छातीवर आणि बाह्यांच्या टोकांना रेशमी भरतकाम हवं. त्यासाठी बायका घरीच रेशमाचे किडे पाळायच्या.

म्हणजे तुमच्या चित्रात धाकट्या बहिणीला टोपी, आईला पांढरा रुमाल. सगळ्यांना एकच गाठ दिलीत तर त्या घरातलं कोण कोणाचं, हेच पुसलं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आजी विधवा असेल तर तिचा रुमाल काळा. हे मात्र बाल्कनमध्ये पुष्कळ ठिकाणी चालेल.

लोकरधागा: पुरुषांच्या टोप्यांचंही तसंच. मोंटेनेग्रोची टोपी वरून लाल, कडेला काळी रेशमी पट्टी, आणि माथ्यावर एका बाजूला सोनेरी भरतकामाच्या कमानी. लोक सांगतात, काळा रंग तुर्कांशी झालेल्या १३८९ च्या कोसोवोच्या लढाईच्या दुखवट्याचा. अल्बेनियन टोपी पांढरी, लोकरीच्या नमद्याची: ओली लोकर साबणाच्या गरम पाण्यात चोळून घट्ट करायची आणि साच्यावर बसवून वाळवायची. कोसोवोकडे ती घुमटासारखी गोल असते, दक्षिणेकडे वर छोटंसं टोक येतं. सर्बियाची 'शायकाचा' नावाची टोपी खरी सैनिकांची, वरून बघितली तर इंग्रजी व्ही सारखी खाच दिसते. हे तिघे एकाच लग्नात आले तर प्रत्येकाचं गाव वेगळं, एवढं लक्षात ठेवा.

रंगरेषा: अरे बापरे, मग कोनाव्लेच घेते. पण लाल रुमाल अगदीच टाकून द्यायचा का? मला लाल रंग हवाय.

दर्यातीर: कोनाव्लेत लाल रंग बहिणीच्या टोपीत येतोच, तेवढा पुरे. जास्त लाल हवा असेल तर गोष्ट बल्गेरियात न्या. तिथे नवरीच्या तोंडावर लाल पदर असायचा. लग्नानंतर तो विधीपूर्वक काढायचे आणि तिच्या डोक्याला लग्न झालेल्या बाईचा रुमाल बांधायचे. मी तर तोच क्षण काढला असता: पदर अर्धा उचललेला आणि शेजारच्या बाईच्या हातात घडी घातलेला रुमाल. मग मात्र कोनाव्लेची पांढरी टोकं आणि लाल टोपी दोन्ही काढून टाका, एकाच पानात दोन गावं नकोत.

रंगरेषा: बल्गेरिया ठरलं. आजीचा काळा रुमाल तेवढा ठेवते. आज रात्री कच्चं चित्र टाकते, गाठी तपासून द्या.